घर हलवलं, पाटी कुठे लावायची?

बेल लॅब्जमध्ये युनिक्स बाळसं धरत होतं तेव्हा डेनिस रिची यांच्या फायली '/यूएसआर/डीएमआर' या पत्त्यावर असत. 'यूएसआर' हे 'यूजर'चंच आखूड रूप. वापरकर्त्यांची घरं वसवायला ती डिरेक्टरी होती. मग मुख्य डिस्कवर न मावणारे प्रोग्रॅम तिथे राहायला आले, त्यांनी बस्तान बसवलं आणि पुढे घरांनाच दुसरी जागा शोधावी लागली. आज लिनक्सवर ती '/होम'खाली असतात, मॅकवर '/यूजर्स'खाली. सोलारिसवर खरी वस्ती '/एक्सपोर्ट/होम'मध्ये असते आणि '/होम' हा फक्त वापरायचा पत्ता. डिस्क भरते, घर हलतं. युनिक्सच्या जन्मापासून हेच चाललं आहे.

हललेलं घर जुन्या पत्त्यावरही सापडावं, याची चांगली सोय १९८३मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीने केली. तिने सिम्बॉलिक लिंक आणली, जिला रोजच्या बोलण्यात सिमलिंक म्हणतात. हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलला दिलेलं दुसरं नाव, आधीपासून होती, पण ती एकाच फाइल सिस्टिमच्या आत चालते आणि लिनक्सवर डिरेक्टरीची हार्ड लिंक करताच येत नाही. सिमलिंकला अशी कुंपणं नाहीत. फ्रीबीएसडीत अनेक वर्षं '/होम' ही स्वतःच '/यूएसआर/होम'कडे नेणारी लिंक होती. फेडोरा सिल्व्हरब्लूवर आजही '/होम' म्हणजे '/व्हार/होम'कडे जाणारी लिंक आहे. लिंकवर चालणारं घर हा जुगाड नाही. मोठमोठ्या यंत्रणा त्यावर उभ्या आहेत. फक्त ती लिंक कोणकोण वाचणार आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

बाजारपेठेतलं दुकान हललं की जुन्या शटरवर कागद चिकटवलेला दिसतो: 'आमचे दुकान मागच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे.' नेहमीचं गिऱ्हाईक तो वाचतं आणि मागच्या गल्लीत जातं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस मात्र बंद दुकानाचा वापर शून्य लिहून पुढच्या दाराकडे वळतो. दोघांनीही आपलं काम बरोबरच केलेलं असतं. होम डिरेक्टरीच्या लिंकबाबतच्या बहुतेक अडचणी अशाच जन्माला येतात: एक प्रोग्रॅम पाटी वाचून पुढे जातो, दुसरा पाटीलाच दुकान समजतो.

(इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

घराचा पत्ता मुळात नोंदलेला असतो तो '/ईटीसी'मधल्या 'पासडब्ल्यूडी' या फाइलमध्ये. प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ, विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने. सहावा रकाना घराचा, सातवा शेलचा. लॉगिन होताना सहाव्या रकान्यातला मजकूर 'होम' नावाच्या व्हेरिएबलमध्ये जातो आणि पुढे बहुतेक प्रोग्रॅम त्यालाच विचारतात. आज्ञा लिहिताना घरासाठी जे नागमोडी चिन्ह वापरतात, ते टिल्ड, तेही शेल याच व्हेरिएबलवरून उलगडतं. या चिन्हाची निवड कुठून आली तेही सांगण्यासारखं आहे: लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर 'होम' हा शब्द आणि टिल्ड एकाच कळीवर छापलेले होते.

सिमलिंक ही त्या मानाने अगदी साधी वस्तू. ती एक छोटी फाइल असते आणि तिच्या पोटात फक्त एक पत्ता, नुसता मजकूर. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर हा पत्ता ६० बाइटपेक्षा लहान असेल तर तो थेट फाइलच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्येच मावतो, डिस्कचा वेगळा ब्लॉकही लागत नाही. त्या पत्त्यावर खरोखर काही आहे का, हे लिंक करताना कोणी तपासत नाही. तपास होतो तो ती उघडताना. एका लिंकने दुसरीकडे आणि दुसरीने तिसरीकडे धाडलं, तर लिनक्सचा कर्नल एका पत्त्यासाठी अशा ४० लिंक ओलांडतो आणि मग थांबून चूक कळवतो. दोन लिंक एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या तरी संगणक अडकून पडत नाही तो यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. समजा, संगणकात २५६ जीबीची एसएसडी आहे, ती काठोकाठ भरली आहे. दोन टीबीची नवी डिस्क आणली, ती '/डेटा' या ठिकाणी माउंट केली. वापरकर्तीचं खातं 'आशा' या नावाचं. '/होम/आशा' आता '/डेटा/आशा'मध्ये न्यायचं आहे.

सर्वांत आधी नव्या डिस्कवरची फाइल सिस्टिम बघावी. दुकानातून आणलेल्या बाहेरच्या डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असतात. एक्सफॅटला युनिक्सचे मालक आणि परवानग्या कळत नाहीत, सिमलिंक ठेवता येत नाही. फोटो आणि सिनेमे तिथे सुखाने राहतील, पण होम डिरेक्टरी नाही. डिस्क रिकामी असतानाच ती ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्यावी. हा निर्णय नंतरवर ढकलला तर सगळा माल दोनदा हलवावा लागतो.

दुसरी गोष्ट, स्वतःचं घर स्वतः आत बसून हलवू नये. ब्राउझर, मेल, डेस्कटॉप हे सगळे क्षणोक्षणी होममध्ये काहीतरी लिहीत असतात. अशा वेळी घेतलेली प्रत अर्धवट निघते. प्रशासकाचे अधिकार असलेलं आणखी एक खातं तात्पुरतं उघडावं, आशाने पूर्ण लॉगआउट करावं आणि काम त्या दुसऱ्या खात्यातून करावं. उबुंटूवर रूटचं थेट लॉगिन बंद असतं, तिथे तर या दुसऱ्या खात्यावाचून पर्याय नाही. त्या खात्याचं घर अर्थातच जुन्या डिस्कवर राहू द्यावं. नव्या डिस्कला काही झालं तर आत शिरायला एक दार उघडं राहतं.

प्रत काढायला 'आरसिंक' वापरावं. त्याचा '-ए' हा पर्याय परवानग्या, मालक, तारखा आणि सिमलिंक जशाच्या तशा नेतो. बऱ्याच जणांचा समज असतो की यात सगळं आलं. तसं नाही. हार्ड लिंकसाठी मोठा 'एच', विस्तारित परवानग्यांसाठी मोठा 'ए' आणि विस्तारित गुणधर्मांसाठी मोठा 'एक्स' वेगळे द्यावे लागतात. हार्ड लिंक विसरल्या तर एकाच फाइलची दोन नावं दोन स्वतंत्र फायली होतात, आणि जागा वाचवण्यासाठी सुरू केलेलं काम जास्त जागा खातं. शेवटच्या तिरक्या रेघेकडे, म्हणजे स्लॅशकडेही लक्ष हवं. '/होम/आशा/' असा शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो. स्लॅश नसेल तर 'आशा' ही डिरेक्टरीच उचलून नेली जाते आणि नव्या ठिकाणी '/डेटा/आशा/आशा' अशी घरात घर बसलेली सापडते.

प्रत झाली की तीच आज्ञा पुन्हा द्यावी, पण '-एन', '-आय', '--चेकसम' आणि '--डिलीट' हे चार पर्याय जोडून. '-एन' असल्याने काहीही बदलत नाही, फरक तेवढा दिसतो. काहीच फरक दिसला नाही तर प्रत पक्की. पर्याय नीट बघूनच एंटर दाबावं, कारण '-एन' राहून गेला तर '--डिलीट' खरोखर पुसतं. मग जुन्या डिरेक्टरीचं नाव 'आशा.ओल्ड' करावं. ती लगेच पुसण्याची घाई नको.

लिंकची आज्ञा आहे 'एलएन -एस', आणि तिच्यातल्या क्रमावरून नवखेच काय, मुरलेलेही अडखळतात. 'सीपी'मध्ये जसं आधी असलेली फाइल आणि मग नवं नाव लिहितात, तसंच इथे: आधी खरं ठिकाण, मग लिंकचं नाव. 'एलएन -एस /डेटा/आशा /होम/आशा' एवढं झालं की आशाने लॉगिन केल्यावर सगळं पूर्ववत दिसतं.

कोणत्या वेळी लिंक, कोणत्या वेळी नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण लिंक हा चार उपायांपैकी एक आहे आणि प्रत्येक वेळी तोच बरा असतो असं नाही.

नवी डिस्क फक्त घरांसाठीच घेतली असेल, तर लिंकची गरजच नाही. तिचं पार्टिशन सरळ '/होम'वर माउंट करावं. पत्ता तोच, मध्ये पाटी नाही, कोणी चकण्याचा प्रश्न नाही. एकाच घराला हलवायचं असेल, किंवा त्या डिस्कवर इतरही बरंच काही राहणार असेल, तेव्हा लिंकखेरीज आणखी दोन वाटा उरतात.

पहिली वाट म्हणजे नोंदणीतच पत्ता बदलणं. 'यूजरमॉड -डी /डेटा/आशा आशा' ही आज्ञा 'पासडब्ल्यूडी'तला सहावा रकाना बदलते. जोडीला '-एम' दिला तर मालही तीच हलवते, पण प्रत तपासून घेण्याची संधी मिळत नाही, म्हणून माल आधी 'आरसिंक'ने नेऊन नंतर फक्त पत्ता बदलणं बरं. यानंतर जुन्या पत्त्यावर लिंक ठेवावीच. कारण पूर्ण पत्ता पोटात लिहून ठेवणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार होताना त्यातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत संपूर्ण पत्ता कोरला जातो; '/होम/आशा' नाहीसं झालं की त्या सगळ्या स्क्रिप्ट चालेनाशा होतात. डेस्कटॉपवरच्या लाँचर फायलींचंही असंच. नोंदणीत खरा पत्ता आणि जुन्या जागी पाटी ही जोडी सर्वांत टिकाऊ, कारण नवे प्रोग्रॅम सरळ घरी येतात आणि जुन्यांचीही सोय होते.

दुसरी वाट बाइंड माउंटची. लिनक्सच्या २.४ या कर्नलपासून ती उपलब्ध आहे. तिच्यात '/डेटा/आशा'च '/होम/आशा'च्या जागी दिसू लागते. प्रोग्रॅमला ती लिंक नाही, खरी डिरेक्टरीच वाटते. माउंटची यादी ठेवणाऱ्या 'एफस्टॅब' फाइलमध्ये एक ओळ लिहायची: पहिल्या रकान्यात खरी जागा, दुसऱ्यात दिसायची जागा, तिसऱ्यात 'नन', चौथ्यात 'बाइंड', शेवटच्या दोन्हींत शून्य. दिसायच्या जागी त्याच नावाची रिकामी डिरेक्टरी आधी हवी. उबुंटूवर स्नॅप पद्धतीचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हीच वाट सोयीची पडते. स्नॅपवर पहारा ठेवणारं अ‍ॅपआर्मर लिंकवर थांबत नाही, ती उलगडून पलीकडचा पत्ता तपासतं. घर '/होम'बाहेर निघालं की प्रोग्रॅमला अडवतं. पाटी कितीही ठळक असो, पहारेकरी पुढच्या गल्लीचा पास मागतो. बाइंड माउंटमध्ये पत्ताच '/होम' असल्यामुळे तो अडवत नाही.

फेडोरा, रेड हॅट यांच्यावर पहाऱ्याला सेलिनक्स असतं आणि त्याचा हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक फाइलला लेबल असतं, ते ठरतं जागेवरून. '/डेटा'खालच्या फायलींना घराची लेबलं आपोआप मिळत नाहीत. एसएसएचच्या किल्लीने लॉगिन होत नाही, कारण कळत नाही, परवानग्या तर सगळ्या बरोबर दिसतात, आणि माणूस तासन्‌तास शोधत बसतो. उपाय दोन ओळींचा आहे. 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम /डेटा' या आज्ञेने '/डेटा'ला '/होम'सारखंच वागवायला सांगायचं आणि मग 'रीस्टोरकॉन' (मोठ्या 'आर'सह) '/डेटा'वर चालवायचं. '/डेटा'मध्ये घरांखेरीज इतर मालही असेल तर ही बरोबरी सगळ्या डिस्कला लागू करू नये. घरांसाठी '/डेटा/होम' अशी वेगळी डिरेक्टरी करून तिच्यापुरतीच करावी.

एसएसएचची आणखी एक अट आहे. घर, त्यातली 'डॉट एसएसएच' डिरेक्टरी किंवा किल्ल्यांची फाइल यांत मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल, तर सर्व्हर ती किल्ली मान्य करत नाही. घाईत सगळ्यांना सगळं खुलं करणारी '७७७' ही परवानगी देऊन अडचण सोडवू पाहणारे याच जागी फसतात. अशा वेळी 'नेमआय -एल' ही फारशी माहीत नसलेली आज्ञा कामाला येते. तिला पत्ता दिला की ती मुळापासून एकेक पायरी उतरते, प्रत्येक डिरेक्टरीचा मालक आणि परवानगी दाखवते, मध्ये लिंक लागली तर तीही उलगडून दाखवते. नेमकं कोणत्या पायरीवर दार बंद आहे ते एका नजरेत कळतं.

मीटर शून्य दाखवतं तेव्हा

आता त्या मीटरवाल्याकडे वळू. घर लिंकवर गेल्यानंतर 'डीयू -एसएच' या आज्ञेला '/होम/आशा' दिलं तर उत्तर येतं शून्य. 'फाइंड'ला तिथून शोध घ्यायला सांगितलं तर तिला एकच वस्तू सापडते, लिंक. शेवटी स्लॅश देऊन '/होम/आशा/' लिहिलं की दोघीही आत शिरतात.

आकडा चुकला तर फार बिघडत नाही. बॅकअप चुकला तर बिघडतं. रोज रात्री 'टार'ने '/होम'चा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट असेल, तर घर हलवल्या दिवसापासून तिच्यात आशाच्या नावे फक्त ती लिंक जाते, तिच्या पोटातल्या पत्त्यासकट. चूक म्हणून कुठेही काही नोंदलं जात नाही, कारण चूक झालेलीच नसते. 'टार' आणि '-ए' दिलेलं 'आरसिंक' दोघांचा रिवाजच लिंकला लिंक म्हणून नेण्याचा आहे. बॅकअपची फाइल अचानक लहान झाली, एवढीच काय ती खूण. 'टार'ला '-एच' देऊन किंवा 'आरसिंक'ला मोठा 'एल' देऊन लिंक उलगडायला लावता येतं, पण मग घरातली प्रत्येक लिंक उलगडते, त्याच फायली दोनदोनदा जातात आणि परत आणताना लिंकच्या जागी प्रती बसतात. साधा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे बॅकअपच्या यादीत '/डेटा/आशा' हा खरा पत्ताच लिहिणं. बाइंड माउंट वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये: एकाच फाइल सिस्टिमवर राहायला सांगणारा पर्याय बॅकअपच्या आज्ञेत असेल तर दुसऱ्या डिस्कवरचं घर वगळलं जातं.

घर हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून, उघडून बघावी. एवढी पाच मिनिटं कोणीही वाचवू नयेत.

शेलमध्येही एक दुहेरी भान ठेवावं लागतं. लिंकवरून आत गेल्यावर बॅश शेल आपण आलो तो रस्ता लक्षात ठेवतं. म्हणून 'पीडब्ल्यूडी' विचारलं की '/होम/आशा' उत्तर येतं आणि 'सीडी'ला दोन टिंबं देऊन मागे गेलं की माणूस '/होम'मध्ये पोचतो. पण 'एलएस'ला तीच दोन टिंबं दिली तर यादी '/डेटा'ची येते, कारण ती कर्नलला विचारते आणि कर्नलला फक्त खरी जागा माहीत असते. फाइल 'एक पायरी वर' टाकायला गेलेली माणसं ती भलत्याच डिस्कवर टाकून येतात ती यामुळे. खरी जागा हवी असेल तेव्हा 'पीडब्ल्यूडी'ला मोठा 'पी' द्यावा किंवा 'रिअलपाथ' वापरावं.

डिस्क हजर नसेल तर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा. 'एफस्टॅब'मध्ये लिहिलेली डिस्क सापडली नाही तर संगणक सुरू करणारं सिस्टमडी दीड मिनिट वाट बघतं आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतं. 'नोफेल' हा पर्याय दिला असेल तर संगणक सुरू होतो, पण घर नसतं. अशा वेळी लिंकचा एक गुण दिसतो: ती माउंटच्या आतल्या डिरेक्टरीकडे बोट दाखवत असल्याने तुटते, आणि लॉगिन करताना स्पष्ट तक्रार येते. बाइंड माउंटमध्ये मात्र '/होम/आशा' ही रिकामी डिरेक्टरी जागेवर असते. आशाला तिच्यात लिहिता येत असेल, तर प्रोग्रॅम कोऱ्या घरात नवा संसार मांडतात. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली की तो सगळा माल माउंटखाली झाकला जातो, आणि काल लिहिलेली फाइल कुठे गेली ते कळत नाही. ती रिकामी डिरेक्टरी माउंट करण्याआधी रूटच्या मालकीची करून ठेवली की वापरकर्त्याचं काहीही तिथे चुकून पडत नाही.

घरातल्या घरात

अख्खं घर न हलवता त्यातली जड खोली तेवढी हलवणं पुष्कळदा पुरतं. फोटो, व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीन एवढंच नव्या डिस्कवर नेऊन जागी लिंक ठेवली की सेटिंगच्या बारीकसारीक फायली वेगवान एसएसडीवरच राहतात. घरगुती संगणकाला बहुतेक वेळा हाच सल्ला योग्य. डाउनलोड, चित्रं, संगीत या नेहमीच्या डिरेक्टऱ्यांसाठी लिंकऐवजी 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'यूजर-डर्स.डर्स' या फाइलमध्येही नवा पत्ता लिहिता येतो. पण लॉगिनच्या वेळी ती डिस्क जोडलेली नसेल तर तो पत्ता बदलून पुन्हा होमवर येऊ शकतो.

महासंगणकांवर काम करणाऱ्या संशोधकांना ही विद्या रोज लागते. सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतल्या यंत्रणांवर, पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' त्यांतलाच, 'होम' आणि तात्पुरत्या कामासाठी 'स्क्रॅच' अशा वेगळ्या जागा असतात. जगभरच्या अशा केंद्रांत होमची मर्यादा तुटपुंजी असते आणि प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या कोंडाची पॅकेजं ती बघता बघता भरून टाकतात. म्हणून विद्यार्थी 'डॉट कोंडा' डिरेक्टरी स्क्रॅचवर नेऊन होममध्ये लिंक ठेवतात. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या. कोंडा जागा वाचवण्यासाठी पॅकेजांचा साठा आणि एन्व्हायर्नमेंट यांच्यामध्ये हार्ड लिंक करतं. दोन्ही वेगळ्या फाइल सिस्टिमवर गेले तर ते प्रती काढू लागतं. दोघांना एकत्रच हलवावं. आणि अनेक केंद्रांत स्क्रॅचवरच्या जुन्या फायली ठराविक मुदतीनंतर पुसल्या जातात. पुन्हा उतरवता येईल असा माल तिथे चालतो. प्रबंधाचा मसुदा किंवा मोजमापांच्या मूळ नोंदी लिंकच्या भरवशावर तिथे ठेवू नयेत.

सेटिंगच्या फायली, म्हणजे नावाआधी टिंब असलेल्या डॉटफाइल, यांची गोष्ट वेगळी. घरी लिनक्स, कचेरीत मॅक, शिवाय एखादा सर्व्हर, आणि सगळीकडे शेल व एडिटर सारखेच हवे असतात. यासाठी सगळ्या डॉटफाइल एका डिरेक्टरीत ठेवून, ती गिटमध्ये घालून, होममधून तिच्याकडे लिंक करण्याची पद्धत रुळली आहे. गिट सिमलिंक साठवतं तेव्हा तिच्यातला पत्ता मजकूर म्हणून जसाच्या तसा ठेवतं. त्यात '/होम/आशा' असेल तर '/यूजर्स' मानणाऱ्या मॅकवर ती लिंक आल्या आल्या तुटलेली असते. म्हणून इथे पत्ता सापेक्ष हवा. सापेक्ष पत्ता मोजला जातो तो लिंक जिथे आहे तिथून, आज्ञा देताना माणूस जिथे उभा आहे तिथून नव्हे. ग्नूच्या 'एलएन'ला '-एस'सोबत '-आर' दिला तर हे गणित ती स्वतः करते.

लिंकांची संख्या वाढली की हाताने करण्यात अर्थ नाही. बॉब ग्लिकस्टीन यांनी लिहिलेला ग्नू स्टो हा छोटा प्रोग्रॅम हेच काम करतो. होममध्ये 'डॉटफाइल्स' डिरेक्टरी, तिच्यात 'बॅश', 'व्हिम', 'गिट' अशा उपडिरेक्टऱ्या. आत जाऊन 'स्टो बॅश' म्हटलं की त्यातल्या फायलींच्या सापेक्ष लिंक वरच्या डिरेक्टरीत, म्हणजे होममध्ये तयार होतात. मोठा 'डी' दिला की काढल्या जातात. जागी आधीच खरी फाइल असेल तर स्टो ती पुसत नाही, थांबतो आणि सांगतो. पहिल्या वेळी '-एन' आणि '-व्ही' देऊन काय होणार ते पाहून घ्यावं.

मात्र फाइलच्या लिंकला एक शत्रू आहे. अनेक प्रोग्रॅम सेटिंग जतन करताना जुन्या फाइलमध्ये लिहीत नाहीत. शेजारी नवी फाइल लिहितात आणि तिला जुन्याचं नाव देतात. मध्येच वीज गेली तरी फाइल अर्धवट राहू नये म्हणून हे योग्यच आहे. पण त्या नावाची लिंक असेल तर ती जाते आणि तिथे साधी फाइल येते. वरवर सगळं ठीक चालतं, गिटमधली प्रत मात्र त्या दिवसापासून जुनी होत जाते. 'सेड -आय'ही असंच करतं; ग्नूच्या आवृत्तीत '--फॉलो-सिमलिंक्स' दिलं तर लिंक वाचते. सारखी बदलणारी सेटिंग असतील तर फाइलची नव्हे, डिरेक्टरीची लिंक करावी. आत कितीही फायली बदलल्या तरी डिरेक्टरीच्या लिंकला धक्का लागत नाही.

लिंकचा रोख बदलताना एक जुना सापळा आहे. '/होम/आशा' ही लिंक नव्या डिस्ककडे वळवायची म्हणून 'एलएन -एसएफ' दिलं, तर 'एलएन' त्या लिंकवरून आत जाते आणि नवी लिंक जुन्या घराच्या पोटात तयार करते. बाहेरची लिंक जशीच्या तशी. सोबत 'एन' जोडून '-एसएफएन' दिलं की ती लिंकलाच बदलते. काढतानाही सावध असावं. 'आरएम'ला लिंकचं नाव शेवटी स्लॅश न देता द्यावं, म्हणजे फक्त पाटी निघते. नावापुढे स्लॅश आणि तारा आला तर पलीकडच्या घरातला माल जातो. 'अनलिंक' ही आज्ञा एका वेळी एकच नाव घेते आणि डिरेक्टरीला हात लावत नाही. लिंक काढायला तीच वापरण्याची सवय चांगली.

वर्षातून एकदोनदा तुटलेल्या लिंक शोधाव्या. ग्नूच्या 'फाइंड'ला '-एक्सटाइप एल' दिलं की त्यांची यादी येते. पण ती यादी डोळे झाकून पुसू नये, कारण काही लिंक मुद्दामच तुटलेल्या असतात. फायरफॉक्स चालू असताना त्याच्या प्रोफाइलमध्ये 'लॉक' नावाची लिंक असते. तिच्यातला 'पत्ता' म्हणजे संगणकाचा आयपी क्रमांक आणि चालू प्रक्रियेचा क्रमांक. ईमॅक्स एखादी फाइल बदलली जात असताना टिंब आणि हॅश चिन्हाने सुरू होणारी अशीच लिंक करतं आणि तिच्यात वापरकर्ता, यंत्र व प्रक्रिया नोंदवतं. सिमलिंक तयार होणं हे एका फटक्यात होणारं काम असल्यामुळे कुलूप म्हणून ती उत्तम. एकच घर नेटवर्कवरून अनेक यंत्रांना दिलेलं असेल, तर ही कुलपं दुसऱ्या यंत्रावरच्या चालू कामाची असू शकतात.

आणि त्या 'आशा.ओल्ड'चं काय? संगणक निदान एकदा बंद करून चालू करावा, किल्लीने लॉगिन करून बघावं, बॅकअपमधून फाइल परत आणून बघावी, नेहमीचे सगळे प्रोग्रॅम एकेकदा उघडावे. आठवडाभर काही कुरकुर नसेल तर तात्पुरत्या खात्यातून जुनी डिरेक्टरी पुसावी आणि 'डीएफ -एच'ने एसएसडीवर जागा खरोखर मोकळी झाली का ते पाहावं. झाली नसेल, तर बहुधा पुसलेली एखादी फाइल अजून कोणत्या तरी प्रोग्रॅमने उघडी धरली आहे. 'एलसॉफ'ला '+एल१' (इथला 'एल' मोठा) दिलं की तो प्रोग्रॅम सापडतो, आणि तो बंद केला की जागा परत मिळते.